गाडी आधी अंगणात उघडा, मग हत्यारं भरा

ऑनलाइन ४६ नगांची सॉकेट पेटी स्वस्तात मिळते. दिसायला देखणी, प्रत्येक नगाला आपापली खाच. मोटारसायकलवरून नेपाळ-भूतानच्या दौऱ्याचं ठरलं की बहुतेकांची पहिली खरेदी हीच. या पेटीत सगळ्यांत मोठं सॉकेट असतं १४ एमएमचं. मागच्या चाकाचा ॲक्सल नट मात्र गाडीप्रमाणं १९ पासून ३२ एमएमपर्यंत काहीही असू शकतो. म्हणजे छेचाळीस नग घेऊन नेपाळातल्या मुक्तिनाथला निघालेल्या माणसाचं मागचं चाक पंक्चर झालं, तर त्याला ते चाकच काढता येणार नाही.

म्हणून यादीपासून सुरुवात करू नका. एक रविवार मोकळा काढा. गाडी अंगणात सावलीला लावा, नेणार ती पिशवी शेजारी ठेवा आणि घरातलं दुसरं एकही हत्यार न घेता एवढी कामं करा: दोन्ही चाकं काढून परत बसवणं, मागचा टायर रिमवरून उतरवून ट्यूब बदलणं, चेन ताणणं, स्पार्क प्लग काढणं, एअर फिल्टरपर्यंत पोचणं, बॅटरीचे टर्मिनल सोडणं, क्लच केबल बदलणं. घरातून जो पाना उसना आणावा लागला, तो पिशवीत. संध्याकाळपर्यंत ज्याला हात लागला नाही, तो कपाटात. बहुतेक गाड्यांचं काम ८, १०, १२, १३, १४, १७ चे पाने, ४, ५, ६, ८ च्या ॲलन की, दोन्ही तोंडांचा एक डिसमिस, एक पकड, प्लग पाना आणि दोन्ही ॲक्सलचे पाने एवढ्यात भागतं. केटीएमला वर टॉर्क्सची तोंडं लागतात, त्यांचा आकार चांदणीसारखा असतो. तिथं ॲलन की ठोकून बसवली की बोल्टचं डोकं गेलंच म्हणून समजा.

या कामात पहिली अडचण येते ती नट सुटण्याची. गॅरेजवाल्यानं हवेच्या गननं आवळलेला ॲक्सल नट वीतभर पान्याला दाद देत नाही. निघायच्या आधी तो एकदा गॅरेजातच सोडवून घ्या, आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि आपल्याच पान्यानं आवळा. किती आवळायचा याचा न्यूटन-मीटरचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एका टोकाला रिंग पाना आणि दुसऱ्या टोकाला टायर लिव्हर असं जोडहत्यार मिळतं, तेही बघा. एक नग कमी होतो आणि लिव्हरची लांबी पान्याला मिळते. नटाला स्प्लिट पिन असेल तर तसल्याच दोन पिना सोबत हव्यात.

सुटे बोल्ट आणताना एक घोळ नेहमी होतो. आपल्याकडं बोल्टला पान्याच्या नंबरानं ओळखतात. ‘दहाचा बोल्ट’ म्हणजे १० चा पाना लागणारा, पण त्याचा आटा असतो एम ६, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचा. बाराच्या आणि तेराच्या, दोन्हींचा आटा बहुधा एम ८. दुकानात नुसतं ‘दहाचा द्या’ म्हटलं तर एखादा हार्डवेअरवाला एम १० चा जाडजूड बोल्ट हातात ठेवतो. गाडीचा एक बोल्ट काढून सोबत न्या आणि त्याच्यावर नट फिरवून बघा. एम ६ चे सहा, एम ८ चे चार, एम ५ चे चार, वॉशर आणि सेल्फ लॉक नटांसकट, एवढे पुरतात.

किती न्यायचं, ते जाणार कुठं यावर

नेपाळला आपल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. आपल्या वाळूजला कारखाना असलेल्या बजाजच्या गाड्या बुटवलपासून काठमांडूपर्यंत रस्तोरस्ती दिसतात. हिरो, होंडा, टीव्हीएस, एनफिल्डही आहेत. तिथं जाताना ब्रेक पॅडचे दोन जोड आणि चेन-स्प्रॉकेटचा सेट ओढत नेणं म्हणजे परभणीहून नांदेडला पाण्याचे कॅन नेण्यासारखं. भूतानमध्ये दुकानं कमी, मोठं काम थिंफू किंवा फुन्शोलिंगला. किर्गिझस्तान-ताजिकिस्तानच्या पामीर रस्त्यावर भारतीय गाडीचा भाग मिळायची आशाच ठेवू नका. एम ४१ रस्त्यावरची अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे आणि दोन गावांमध्ये तासन्‌तास काही लागत नाही. तिकडं मात्र आरआर युनिट (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर), क्लच प्लेट, फ्युएल पंपाचा फिल्टर, दोन्ही ब्रेकचे पॅड हे सगळं घरूनच.

क्लच केबल कुठंही जा, लागतेच. जुनी केबल न काढता नवी तिच्या कडेनं, हँडलपासून इंजिनपर्यंत, तशीच्या तशी टाकून ठेवा. दर वीतभरावर केबल टाय मारा, पण हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा. टाय जास्त आवळला तर केबल वळणात ओढली जाते. दोन्ही टोकांना पॉलिथिन गुंडाळून टेप लावा, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरून नवी केबल न वापरताच गंजते. जुनी तुटली की फक्त टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम.

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर एकेक न्या. गाडी उभ्या उभ्या आडवी झाली तरी तेच तुटतात. बसवलेल्या लिव्हरचा बोल्ट अगदी कचकचून आवळू नका. गाडी पडल्यावर क्लॅम्प जरा फिरला तर लिव्हर वाचतो.

पंक्चर

ट्यूबच्या गाडीला हिमालयात जेवढा वेळ पंक्चर खातं, तेवढा दुसरं काहीच खात नाही. टायर लिव्हर तीन हवेत. दोन कडा उचलून धरतात, तिसरा पुढं सरकतो. मेन स्टँड नसेल तर साइड स्टँडवर गाडी तिरपी करून दुसऱ्या बाजूनं स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली) दगड किंवा दांडकं द्या. त्याआधी पुढचा ब्रेक दाबून रबराच्या पट्टीनं ग्रिपला बांधून टाका, नाहीतर अर्ध्या कामात गाडी पुढं सरकते. ही रबराची पट्टी म्हणजे ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद कापलेली चकती. गावातल्या पंक्चरवाल्याकडं फुकट मिळते. सात-आठ घ्या. सामान बांधायला, मोडलेला इंडिकेटर धरून ठेवायला, टायर आतून चिरला तर ट्यूब आणि टायरच्या मध्ये ठिगळ म्हणून, सगळीकडं हीच.

टायर उतरवताना वॉल्व्हपाशी सुरुवात करा, चढवताना शेवट वॉल्व्हपाशी करा. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. समोरच्या बाजूची कड त्या खोलीत गुडघ्यानं दाबून धरली तर इकडं लिव्हरला जोर लागत नाही. जोर लावावा लागतोय याचा अर्थ समोरची कड वर आली आहे. तिथं ताकद लावली की लिव्हर नव्या ट्यूबला चिमटा घेतो आणि हवा भरल्यावर दोन बारीक भोकं शेजारी-शेजारी दिसतात, साप चावल्यासारखी. ट्यूब बसवण्याआधी तिच्यात आकार येण्यापुरती थोडी हवा भरून घ्या, चिमटा बसायचं प्रमाण बरंच कमी होतं. कडेला साबणाचं पाणी लावा. साबणाची वडी तशीही पिशवीत असतेच.

ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून हात फिरवणं लोक विसरतात. आपल्याकडच्या बाभळीचा काटा टायरच्या रबरात मोडून राहतो. बाहेरून दिसत नाही, बोटालाही लागत नाही, पण टायर दबला की टोक आत येतं. जुन्या सुती साडीचा तुकडा टायरच्या आतून सावकाश फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं काटा. पकडीनं ओढून काढा. तो काढला नाही तर दुसरी ट्यूबही तासाभरात बसते.

पॅच लावताना ट्यूब खरकागदानं पॅचपेक्षा थोडी मोठी घासा, चकाकी जाईपर्यंत. सोल्युशन पातळ लावा आणि थांबा. बोट लावलं तर चिकटू नये इतकं वाळू द्या, मगच पॅच ठेवून मधून कडेकडं दाबत न्या. ओल्यावर लावलेला पॅच हवा भरताच सरकतो. आपल्या मे महिन्यात हे वाळणं बघता बघता होतं, नेपाळातल्या मुस्तांगच्या थंड सकाळी बराच वेळ घेतं. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की महिन्याभरात आतून वाळते. म्हणून मोठी एक नको, छोट्या न फोडलेल्या तीन घ्या. पॅच आठ-दहा पुरतात.

ट्यूब पुढची आणि मागची दोन्ही न्या. जागाच नसेल तर पुढची २१ इंची न्या. ती १८ च्या मागच्या टायरमध्ये दुमडून का होईना तात्पुरती चालते, उलटं जमत नाही. अशा ट्यूबवर पुढच्या गावापर्यंतच जायचं, तेही सावकाश.

ट्यूबलेस असेल तर गोष्ट सोपी: टी हँडलचा टोचा, सुई आणि भोकात भरायच्या दहा-बारा दोऱ्या. पण बाजूच्या भिंतीला चीर पडली तर दोरी टिकत नाही, आणि खड्ड्यात रिम वाकली तर कडेनं हवा जात राहते. तेव्हा वॉल्व्ह काढून आत ट्यूबच टाकावी लागते. म्हणून ट्यूबलेसवाल्यांनीही एक ट्यूब आणि लिव्हर न्यावेत. चाक न काढता पंक्चर निघतं म्हणून लिव्हर घरी ठेवणारे बरेच आहेत.

हवेसाठी १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर चांगला, पण तो सहज आठ-दहा अँपिअर ओढतो. हँडलवरच्या यूएसबी सॉकेटच्या लाइनवर जोडला तर फ्यूज उडतो. बॅटरीवरून स्वतंत्र वायर काढा, तिला १५ अँपिअरचा फ्यूज घाला आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवा. सोबत सायकलचा हातपंपही राहू द्या. दीडशे-दोनशे हात मारावे लागतील, पण त्याला वायर नाही.

हवेच्या दाबाचा एक गमतीशीर हिशोब आहे. तापमान ७-८ अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयनं उतरतो. ४० अंशांच्या संभाजीनगरात भरलेली हवा ५ अंशांच्या थंडीत चार-पाच पीएसआय कमी भरते. पण मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे. तिथं बाहेरचा दाबच आपल्यापेक्षा चार-साडेचार पीएसआयनं कमी, म्हणून गेजवर तेवढाच दाब जास्त दिसतो. दोन्ही मिळून आकडा जवळपास जिथल्या तिथं. मात्र थंड पण कमी उंचीच्या जागी मुक्काम असेल तर हा हिशोब जुळत नाही. पेनासारखा साधा गेज ठेवा आणि सकाळी, चाकं थंड असताना, बघा.

बंद पडली तर

गाडी पडल्यानंतर चालू होत नसेल तर आधी काही उघडू नका. नव्या गाड्यांत आडवी झाली की पेट्रोल पंप बंद करणारा सेन्सर असतो. चावी बंद करा, थोडं थांबा, परत चालू करा. मग इंजिन बंद करणारा हँडलवरचा किल स्विच. मग साइड स्टँडचा स्विच, कारण त्याच्यात चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो. यात भागलं नाही तरच पाने काढा.

मल्टिमीटर छोटा, साधा पुरतो. विश्रांतीत असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.५. तेरावरच अडकली तर बॅटरी बदलून उपयोग नाही, चार्जिंग होत नाहीये. आरआर युनिट, स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) किंवा त्यांच्यामधला जळका कनेक्टर बघा. आणि कनेक्टर आधी, कारण तो फुकटात नीट होतो. फ्यूज १०, १५, २०, ३० चे दोन-दोन. उडालेल्या १५ च्या जागी ३० चा घातला की पुढच्या वेळी फ्यूज उडत नाही, वायरिंग जळतं.

नाला ओलांडताना गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत बाहेर आणा. एअर फिल्टर बघा. कोरडा असेल तर बहुधा फक्त प्लगच्या टोपीत पाणी आहे. ओला असेल तर प्लग काढा, टोपी इंजिनपासून लांब धरा, मग सेल्फ मारा. भोकातून पाण्याची पिचकारी उडते, ती थांबेपर्यंत मारत राहा. इंजिन ऑइल दुधासारखं झालं असेल तर ते बदलल्याशिवाय पुढं जाऊ नका. अर्धा लिटर जादा ऑइल न्यायचं ते एवढ्यासाठी नाही. ते वर घालायला. बदलायला पुढच्या गावात मिळेल ते घ्यावं लागतं, फक्त ग्रेड पुस्तकातला असावा.

खालून दगड लागून इंजिनच्या पेटीला चीर पडली तर एम-सील कामाला येतं, पण आधी तेल गळायचं थांबलं पाहिजे. चीर वर येईल अशी गाडी एका कुशीवर कलवा, जागा पेट्रोलच्या चिंधीनं पुसा, खरकागदानं खरवडा, परत पुसा. दोन्ही भाग एकच रंग होईपर्यंत मळा आणि दाबून भरा. किमान दोन तास हात लावायचा नाही, थंडीत रात्रभर. निघायच्या आधी पुडी दाबून बघा, जुनी असेल तर आतच दगड झालेली असते.

चेनच्या जोडकडीवर नंबर जुळला पाहिजे. ४२८ ची कडी ५२० ला बसत नाही. नंबर चेनच्या पट्टीवर कोरलेला असतो. चेनला दर पाचशे किलोमीटरला, आणि पाण्यातून गेल्यावर त्याच संध्याकाळी, तेल द्या. ओ-रिंगची चेन पेट्रोलनं धुऊ नका, रॉकेल किंवा डिझेल चालतं. स्प्रेपेक्षा ९० नंबरचं गिअर ऑइल छोट्या बाटलीत बरं पडतं. विमानात स्प्रे चालतही नाही.

माणसासाठी

दवाखान्याची पिशवी हत्यारांच्या खाली कधीही नाही. टँक बॅगमध्ये किंवा टॉप बॉक्सच्या अगदी वर, सोबत्यालाही माहीत असलेल्या जागी. निर्जंतुक गॉज दहा, १५ सेंटिमीटरचे रोलर बँडेज चार, क्रेप बँडेज दोन, त्रिकोणी कापड दोन, कापडी चिकटपट्टी, पोविडोन आयोडिन, हातमोजे, गोल टोकाची कात्री. जॅकेट काढण्यापेक्षा कापणं बरं असतं. हाड मोडल्यासारखं वाटलं तर मासिकाची गुंडाळी आणि ट्यूबच्या पट्ट्यांनीही हात बांधता येतो, फक्त पट्टी इतकी आवळू नका की बोटं निळी पडतील. रक्त थांबवायला गॉज ठेवून सलग दहा मिनिटं दाबा, मध्ये उचलून बघू नका. सायलेन्सरचा चटका वीस मिनिटं साध्या पाण्याखाली. टूथपेस्ट नाही, हळद नाही.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते. अर्ध्या बाटलीत घातली तर फायद्याऐवजी तोटा. पॅरासिटामॉल, सेटिरिझिन, जुलाबाची गोळी आणि रोजची औषधं नेमापेक्षा पाच दिवस जास्तीची. उंचीवरच्या त्रासासाठी डायमॉक्स घ्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर हे आधी सांगा. ट्रामाडॉल, कोडीनची औषधं आखाती देशांत गुन्हा ठरू शकतात, तेव्हा चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावानिशी हवी.

परदेशी व्हिडिओ बघून सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र मागवायचा विचार असेल तर थांबा. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र बाळगणं बेकायदेशीर आहे, आणि विमानतळावर लोक अडकलेले आहेत. नेपाळमध्ये स्थानिक सिम घ्या, डोंगरात नेपाळ टेलिकॉमचं जाळं जास्त. तिथं पोलीस १००, रुग्णवाहिका १०२. भूतानमध्ये पोलीस ११३ आणि ११२ ही रुग्णवाहिका. आपल्या ११२ च्या सवयीनं पोलिसांसाठी तो फिरवू नका. हे आकडे फोनमध्ये नाही, टाकीवर चिकटवा.

नेपाळच्या भन्सारची, म्हणजे सीमेवर गाडीसाठी भरायच्या जकातीची, पावती ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्तीची काढा. दरड पडली किंवा गाडी अडली तर दंडाची चिंता राहत नाही. विम्याची मुदत बघताना हद्दही बघा. नेपाळ-भूतानसाठी जादा हप्ता भरून हद्द वाढवून मिळते, आपोआप नसते.

बांधणी

जड सामान खाली आणि मध्याकडं. हत्यारं टॉप बॉक्समध्ये टाकली तर पुढचं चाक हलकं होतं आणि घाटात हँडल डुलतं. ११० एमएमच्या पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा, एका बाजूला चिकटवलेलं एंड कॅप, दुसऱ्या बाजूला फिरकीचं झाकण: क्रॅश गार्डच्या खालच्या बाजूला दोन होज क्लॅम्पनं बसवा, सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाला. पाने, लिव्हर, पंप त्यात बसतात. मात्र एकेक पाना सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. तसेच टाकले तर दोन दिवसांच्या खडखडाटात पाइप आतून झिजतो आणि सोल्युशनच्या ट्यूबला भोक पडतं. तुकडे हात पुसायला होतात ते वेगळंच. जादा स्पोक न्यायचे असतील तर ठिबकच्या १६ एमएमच्या नळीत घालून दोन्ही टोकं मुडपा, ही नळी पाइपच्या कडेला सरळ राहते.

पेट्रोल जादा न्यायचं तर पाच लिटरचा पत्र्याचा कॅन, काठोकाठ न भरता. पाण्याच्या बाटलीत नाही, उन्हात ती फुगते आणि बुचातून वाफ सुटते. खायला दशम्या आणि धपाटे पहिले तीन दिवस, पुढं शेंगदाणे-गूळ.

गाडी विमानानं जाणार असेल तर सोल्युशन, स्प्रे, पेट्रोल, लायटर काही ठेवता येत नाही, ते पोचल्यावर घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, १०० वॅट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ भरते.

भरून झालं की सामानासकट एक चक्कर मारा. समृद्धीवर दुचाकीला मनाईच आहे, तेव्हा कन्नडचा औट्रम घाट बरा. चढ, उतार, खराब पट्टा, सगळं मिळतं. परत आल्यावर प्रत्येक बोल्टला पाना लावून बघा, पहिल्या फेरीत कॅरिअरचे बोल्ट हमखास ढिले होतात. मग त्याच रात्री, अंधारात, डोक्याच्या टॉर्चवर मागचं चाक एकदा काढून बसवा. टॉर्चचा एक सेल बॅगेत ठेवताना उलटा घाला. सामान दाबलं गेलं की बटण आपोआप चालू होतं आणि लागायच्या वेळी टॉर्च संपलेला असतो.